सकाळी थंड इंजिनचा आवाज: जुन्या गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की परभणी-हिंगोलीकडं थंडी उतरते आणि गॅरेजवर रोज तीच तक्रार येते. गाडी दहा-पंधरा वर्षांची, रात्रभर अंगणात उभी. सकाळी सेल्फ मारला की आवाज येतो, आणि मोंढ्याजवळच्या फिटरकडं पोचेस्तोवर गायब होतो. मग फिटर अंदाजाने बोलतो, मालक अंदाजाने घाबरतो आणि कित्येकदा उगाच इंजिन खोललं जातं. कापसाचे किंवा उसाचे आलेले पैसे असे चुकीच्या कामात जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. मारुती ८००, ओम्नी, इंडिका, सुमो, बोलेरो, स्विफ्ट डिझेल, छोटा हत्ती आणि स्प्लेंडर एवढ्या गाड्या डोळ्यांपुढं आहेत.

सकाळी गाडी टकटक करायली, दुपारी काहीच नाही. इंजिन गेलं का?

बहुतेक वेळा नाही. रात्रभर उभ्या गाडीत तीन गोष्टी होतात. वरच्या भागातलं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात येतं. थंडीने तेच ऑइल घट्ट होतं आणि पंपाला ते वर चढवायला जास्त वेळ लागतो. आणि धातू आकसलेला असल्यामुळे पिस्टन-सिलिंडरमधली, मॅनिफोल्ड (सायलेन्सरकडं धूर नेणारा भाग) आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) यांच्यामधली फट थोडी मोठी असते. नव्या इंजिनात या फटी इतक्या बारीक असतात की आवाज जाणवत नाही. लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात झीज त्या फटींत भर घालते, म्हणून सकाळी आवाज येतो आणि इंजिन तापून फटी भरल्या की जातो.

तापल्यावर जाणारा आवाज आणि तापल्यावर वाढणारा आवाज, हा फरक आधी लक्षात घ्या. पहिल्यात तपासायला सवड मिळते. दुसऱ्यात मिळत नाही.

नेमकं काय ऐकायचं?

आवाज कसा आहे हे सगळेच सांगतात: टकटक, खडखड, ठकठक. पण एकाची टकटक दुसऱ्याची ठकठक असते. त्यापेक्षा घड्याळ लावून ऐका. आवाज कधी सुरू झाला आणि कधी थांबला, यावरून निम्मं निदान होतं.

इंजिन लागायच्या आधी, सेल्फ फिरत असतानाच आवाज आला तर तो सेल्फचा, बॅटरीचा किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांचा. इंजिन लागल्यावर पहिले दोन-तीन सेकंदच खडखड झाली तर ऑइल वर पोचायला उशीर होतोय. आवाज पाच-दहा मिनिटं टिकून हळूहळू विरला तर धातू तापून फट भरतेय, म्हणजे पिस्टन किंवा सायलेन्सरच्या बाजूची गळती. कितीही तापलं तरी आवाज तसाच राहिला, तर टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप, बेअरिंग किंवा बाहेरची पुली. आणि गरम झाल्यावर, लोड आल्यावर वाढला तर गाडी उभी करा. त्याचं उत्तर पुढं वेगळं दिलं आहे.

दुसरी खूण वेगाची. रेस दिल्यावर आवाजाची चाल इंजिनबरोबर वाढते का, ते पाहा. वाढली तर आवाज फिरणाऱ्या भागाचा. नुसती एखाद्या ठरावीक आरपीएमला खुळखुळ होऊन थांबत असेल तर सायलेन्सरचा पत्रा किंवा सुटलेला क्लॅम्प थरथरतोय. व्हॉल्व्हचा आवाज इंजिनच्या निम्म्या चालीने येतो, कारण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदाच फिरतो. ८०० आरपीएमच्या आयडलला (रेस न देता) क्रँक सेकंदाला तेरा फेऱ्या मारतो आणि एक टॅपेट सहा-सात वेळाच वाजतं. थोडा सराव झाला की हा संथ ठेका कानाला वेगळा कळतो.

फिटरकडं नेली की आवाजच येत नाही. काय करावं?

गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजवर सोडून या आणि सकाळी तुम्ही स्वतः हजर असताना पहिल्यांदा चालू करायला सांगा. याला दुसरा चांगला पर्याय नाही. "मी बघून ठेवतो" म्हणून फिटरने सकाळी सातला तुमच्याशिवाय गाडी हलवली, तर दिवस वाया गेला.

गाडी सोडणं जमत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण नीट. चावी फिरवायच्या आधीच रेकॉर्डिंग सुरू करा आणि कॅमेरा मीटरवर धरा, म्हणजे ऑइलचा दिवा कधी विझला तेही दिसेल. दुसऱ्या दिवशी बोनेट उघडं ठेवून घरातल्या कुणाला चावी मारायला सांगा आणि मोबाइल इंजिनजवळ धरा. तिसऱ्या दिवशी सायलेन्सरच्या तोंडाशी. तिन्ही वेळा गाडी रात्रभर बंद असली पाहिजे. एखाद्या तासापूर्वी फिरवून आणलेलं इंजिन थंड नसतं, वरून हाताला गार लागलं तरी.

पहिले दोन-तीन सेकंद खडखडते आणि लगेच शांत होते. हे चालेल का?

यात सगळ्यात आधी ऑइल फिल्टर बघा. फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागं वाहू नये हे तिचं काम. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल, तर सगळी भिस्त या चकतीवर. ती जुनी होऊन कडक झाली किंवा हलक्या फिल्टरमध्ये मुळातच नीट बसलेली नसली, तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो, मग ऑइल वर. तेवढा वेळ टॅपेट आणि टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) कोरड्या वाजतात.

आपल्याकडं "ऑइल बदला, फिल्टर पुढच्या खेपेला" ही सवय फार आहे. काही रुपये वाचतात आणि जुनं काळं ऑइल फिल्टरमधून पुन्हा नव्यात मिसळतं. तसं करू नका. कंपनीचा फिल्टर टाका, ऑइल बदला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. खडखड गेली तर दुखणं तिथंच होतं, तेही सगळ्यात स्वस्तातलं.

फिल्टर बदलूनही आवाज तसाच राहिला, तर ऑइलची पातळी, ऑइलचा ग्रेड आणि चेन टेन्शनर, या क्रमाने जा. ऑइलची पट्टी सकाळी गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर बघायची. पुसून, पुन्हा घालून, मग बघायची. वासही घ्या: ऑइलला पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली असेल, तर इंधन चेंबरमध्ये उतरतंय. ऑइल दुधासारखं फेसाळ दिसलं तर पाणी शिरलंय. दोन्हींत गाडी चालवू नका.

स्विफ्ट डिझेलमध्ये सकाळी साखळी ओढल्यासारखी खळखळ होते. किती दिवस चालवता येईल?

ताणू नका. १२४८ सीसीच्या मल्टिजेट इंजिनात टायमिंग चेन आहे. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी दाब येईपर्यंत चेन सैल असते. चेन ताणली गेली, गाइड झिजले किंवा टेन्शनर थकला की ती कव्हरला घासते आणि खळखळते. सुरुवातीला एक-दोन सेकंद, पुढं दहा, मग आयडलला कायम. हा काळ वाढत जातो, हेच बघायचं. चेन एखादा दाता उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेडसकट काम निघतं. चेन बदलताना टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही.

मारुती ८००, ओम्नी आणि जुन्या इंडिकात टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. तिथं कुणी "चेनचा आवाज" म्हणाला तर दुसऱ्या फिटरला दाखवा. रबरी बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही, म्हणून तो किलोमीटर आणि वर्षं मोजून बदलायचा असतो.

बारीक टिकटिक येते आणि पाच-सात मिनिटांनी जाते. टॅपेट का?

असेल, पण आधी सायलेन्सरची बाजू बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग जळालं किंवा एखादा स्टड तुटला, की थंड असताना तिथून वायू सुटतो आणि हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक होते. धातू तापून फुगला की फट बुजते, आवाज जातो. फिटर टॅपेट सेट करतो, दुसऱ्या दिवशी टिकटिक तशीच. मग तो म्हणतो, रॉकर गेले. मग कॅम गेला. खर्चाची शिडी अशी चढत जाते.

सेलूकडची एक ओम्नी, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे आवाज थेट मांडीखाली. मालकाला "हेड उतरवावं लागेल" असं सांगून झालं होतं. सकाळी थंड इंजिनवर सीट उचलून टॉर्च मारली, तर एका टोकाच्या पोर्टजवळ हेडवर काजळीचा बोटभर काळा पट्टा, पंख्यासारखा पसरलेला, आणि त्याच्या बरोबर मध्ये स्टडची रिकामी जागा. नट कधीच गळून पडला होता. चालू इंजिनवर तिथं हात जवळ नेला, तर टिकटिकीच्या ठेक्यात हवेचे फटके बोटांना लागत होते. नवा स्टड आणि पॅकिंग टाकलं, आवाज बंद. हेडला हात लावावा लागला नाही.

तेव्हा टॉर्च घ्या आणि काजळी शोधा. हात न्यायचा तो पहिल्या मिनिटातच, नंतर मॅनिफोल्ड भाजून काढतो. ओम्नीसारख्या गाडीत ही गळती दुर्लक्षित ठेवणं घातक आहे, कारण तोच धूर सीटखालून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीत काचा बंद असतात.

टॅपेट घट्ट करून आवाज बंद करता येतो ना?

येतो, आणि तेच करू नये. मारुती ८०० आणि ओम्नीत टॅपेटची गॅप स्क्रूने सेट होते. ती फिलर गेजने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आणि इंजिन पूर्ण थंड असताना सेट करायची. कानाने नाही. गॅप मापापेक्षा कमी ठेवली तर आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं. पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, सीटवरून गरम वायू सुटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडीशी टिकटिक करणारं टॅपेट इंजिनला फारसं मारत नाही. मुकं झालेलं टॅपेट मारतं.

एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे आणखी जपा. गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि गॅप आपोआप कमी होते. गाडी शांत वाटते, पण सकाळी चालू व्हायला कुरकुरते आणि पिकअप जातो. अशा गाडीची गॅप आवाज नसला तरी तपासून घ्या.

स्विफ्ट डिझेलसारख्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना सेटिंगच नाही. ती ऑइलने भरतात. सकाळी थोडी टिकटिक करून शांत होत असतील तर आधी ऑइल-फिल्टर बदला आणि काही दिवस चालवून बघा. आत साचलेली घाण पुष्कळदा स्वच्छ ऑइलने सुटते.

पोकळ ठकठक येते, गरम झाल्यावर जाते. फिटर म्हणतो पिस्टन हलतोय.

बरोबर असू शकतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर लोखंडी. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. थंड असताना झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो, तापला की फुगून नीट बसतो. आवाज रिकाम्या डब्यावर टकटक केल्यासारखा, बोदा. गाडी थंड असताना लोड दिला तर वाढतो.

पेट्रोल गाडीत खात्री करायची रीत सोपी आहे. थंड इंजिनवर एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज स्पष्ट कमी होतो, पिस्टन तिथला. वायर उघडी लोंबकळत ठेवू नका, जुना प्लग लावून तो बॉडीला टेकवा. नाहीतर झटका बसतो आणि इग्निशनचे भाग जळू शकतात. इंजेक्शनच्या गाडीत हे फिटरनेच करावं.

यासाठी लगेच इंजिन बांधायची गरज नसते. ऑइल कमी होत नाही, निळा धूर नाही, पिकअप ठीक, मग सकाळचा हा आवाज असूनही इंजिन कित्येक वर्षं चालतं. हजार किलोमीटरला ऑइल किती घटतं ते वहीत लिहा. ते वाढत गेलं आणि निळा धूर दिसू लागला, तेव्हा बोअर-पिस्टनचा विचार करा.

मराठवाड्यात ही झीज लवकर येते, त्याचं एक मोठं कारण एअर फिल्टर. उन्हाळ्यात शेतरस्त्यावरची काळी धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टर फाटलेला, किंवा होजचा क्लॅम्प सैल असला की ती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगांना घासत राहते. उसाच्या नाहीतर कापसाच्या हंगामात शिवारात फिरणाऱ्या गाडीला पुस्तकातल्या मुदतीपर्यंत थांबू नका. फिल्टर महिन्याला उघडून बघा. हवेने झाडताना आतून बाहेर झाडा, आणि कागद फाटला असेल तर टाकून द्या.

कुठला आवाज आल्यावर गाडी जागेवर बंद करायची?

खालून येणारी जड, खोल ठोक: ठोक्-ठोक्-ठोक्, हातोडीने चेंबरवर मारल्यासारखी. गरम झाल्यावर वाढते, कारण ऑइल पातळ होतं. रेस देऊन सोडली की त्या सोडण्याच्या क्षणी जास्त ऐकू येते. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज. सोबत आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर शंका उरत नाही.

तसंच, सकाळी चालू केल्यावर ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. पाच सेकंद झाले तरी जळतोय, तर चावी बंद. "एवढं गावापर्यंत जाऊ" असं करू नका. बेअरिंग फिरलं की क्रँक खरवडला जातो; रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. टोचन करून न्या. टोचनाचे पैसे क्रँकच्या ग्राइंडिंगपुढं काहीच नाहीत.

घट्ट ऑइल टाकलं की आवाज कमी होतो म्हणतात. टाकू का?

आधी डब्यावरचे आकडे समजून घ्या. २०डब्ल्यू-५० मध्ये पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. दुसरा जितका मोठा, तितकं ते तापल्यावर जाड राहतं.

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात बेचाळीसच्या पुढं जातो. एवढ्या थंडीत २०डब्ल्यू गोठत नाही, पण वर पोचायला जास्त वेळ घेतं. म्हणजे पहिल्या सेकंदांतला आवाज घालवायला घट्ट ऑइल टाकलं तर तो आवाज वाढतो. उलट पिस्टनचा किंवा बेअरिंगचा आवाज घट्ट ऑइलने दबतो, पण झीज आहे तिथंच राहते. जुनी गाडी विकणारे हे चांगलं जाणतात.

तुमच्या गाडीच्या पुस्तकात तापमानानुसार एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतात. त्यातलाच घ्या. जुन्या डिझेल गाड्यांना बहुधा १५डब्ल्यू-४० चालतं आणि आपल्या हवेला ते बाराही महिने पुरतं. मल्टिजेटला आणि नव्या पेट्रोल इंजिनांना पातळ ग्रेड सांगितलेला असतो, तिथं मनाने जाड टाकू नका. सुट्टं ऑइल तर कुठल्याच गाडीत नको. ते नवं आहे की गाळलेलं, हे रंगावरून कळत नाही.

चालू केल्यावर चीं... करून ओरडते, मग गप्प.

फॅनबेल्ट. सेल्फने बॅटरीतली शक्ती खाल्लेली असते, ती भरून काढायला अल्टरनेटर एकदम जोर लावतो. सैल, गुळगुळीत झालेला बेल्ट पुलीवर घसरतो. दव पडलेल्या सकाळी जास्त. लांबीच्या दिशेने खाचा असलेला रुंद बेल्ट असेल तर चालू इंजिनवर लांबून खाचांच्या बाजूला पाण्याचे थोडे थेंब उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला तर बेल्ट सैल आहे. बेल्टला साबण, ग्रीस, पावडर लावू नका. बेल्ट बदलायची वेळ त्याने टळत नाही.

घरघर किंवा किरकिर येते, पुढच्या बाजूने.

पुलीचं, टेन्शनरचं, अल्टरनेटरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. बाहेरचा फॅनबेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला, तर तो बेल्टवर फिरणाऱ्या कशाचा तरी. मग एकेक पुली हाताने फिरवून आणि हलवून बघा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, कारण काही गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. टायमिंग बेल्टला मात्र या प्रयोगात हात लावायचा नाही.

वॉटर पंप लवकर जाण्यामागं आपलं बोअरचं पाणी आहे. रेडिएटरमध्ये कुलंटऐवजी वर्षानुवर्षं जड पाणी ओतलं जातं. त्याचा पांढरा थर बसतो, गंज चढतो, पंपाचं सील कातरलं जातं, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. पंपाखालच्या बारीक भोकाजवळ ओल किंवा पांढरा-तांबूस ओघळ दिसला, तर पंप बदला. सोबत रेडिएटर धुऊन घ्या आणि पुढं कुलंटच वापरा. मेच्या उन्हात रेडिएटर चोक झालेली गाडी तापली, तर हेड गॅस्केट जातं आणि मग सकाळचे आवाज वेगळेच सुरू होतात.

डिझेल गाडी सकाळी जास्त खटखटते. नोझल करायचे का?

डिझेल थंड असताना थोडं जास्त वाजणारच. नोझलमधून फवारलेलं डिझेल थंड हवेत पेटायला क्षणभर उशीर लावतं, तोवर आणखी डिझेल साचतं आणि सगळं एकदम पेटतं. त्या भडक्याचा तो आवाज. एक-दोन मिनिटांत उतरत असेल तर नोझलला हात लावू नका.

पांढरा धूर, मिसिंग आणि खटखट असं तिन्ही एकत्र येत असेल तर आधी हीटर प्लग तपासा. जुन्या इंडिकासारख्या आणि छोटा हत्तीच्या आधीच्या डिझेल इंजिनांत ते महत्त्वाचे. मल्टीमीटरवर चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. एक प्लग गेला तरी तेवढा सिलिंडर सकाळी उशिरा पेटतो आणि गाडी हलत-हलत चालते. मीटरवरचा हीटरचा दिवा विझल्यावरच सेल्फ मारा, ही सवय लावून घ्या.

प्लग ठीक, तरी एकच सिलिंडर गरम झाल्यावरही कडक वाजतोय, तर नोझल टेस्टिंगला द्या. जुन्या पंपाच्या गाड्यांत फिटर एकेका पाइपचा नट सैल करून सिलिंडर ओळखतात. कॉमन रेल गाडीत (स्विफ्ट डिझेलसारख्या) हे कधीही करू नका, करू देऊ नका. तिथं दाब हजार बारच्या पुढं जाऊ शकतो. तो फवारा कातडी भेदून डिझेल शरीरात घालतो, आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी हात गमावायची वेळ येऊ शकते.

सेल्फ मारला की कट-कट-कट, किंवा कर्रर्र.

कट-कट-कट ही बॅटरीची कमजोरी किंवा टर्मिनलवरची पांढरी बुरशी. गरम पाण्याने धुवा, घट्ट करा. कर्रर्र म्हणजे सेल्फचा पिनियन दात्यांत नीट बसत नाही, किंवा इंजिन लागल्यावर मागं येत नाही. सेल्फ सर्व्हिसिंगला काढा; ढकलत राहिलात तर फ्लायव्हीलची रिंग खराब होते आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

क्लच दाबला की आवाज बदलतो.

मग इंजिनकडं बघूच नका. न्यूट्रलवर, क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

स्प्लेंडर सकाळी खळखळते. कॅमचेन का?

बहुधा कॅमचेन टेन्शनर, त्याखालोखाल टॅपेट. पण त्याआधी ऑइल बघा. या गाडीत ऑइल अवघं लिटरभर, आणि जुन्या मॉडेलना ते संपत आलं हे सांगणारा दिवा नाही. शेतात जाणारी, तिघं बसवून चालणारी गाडी अर्ध्या ऑइलवर चाललेली असते आणि मालकाला ठाऊक नसतं. ऑइल भरून, टॅपेट मापाला लावूनही खळखळ राहिली, तर टेन्शनर आणि चेन बघा. चोक ओढून रेस देत बसू नका.

सकाळी किती वेळ गरम करायची?

अर्धा ते एक मिनिट. ऑइल वर पोचलं, आयडल स्थिर झालं की निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. दहा मिनिटं उभी ठेवून घुरघुरवण्याने इंजिन सावकाश तापतं आणि न जळालेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं. थंड इंजिनला एकदम रेस देणं तर सरळ झीज विकत घेणं आहे. टर्बो असेल तर जास्तच.

जाता जाता एक विनंती. थंडीत मांजरं बोनेटखाली ऊब शोधत बसतात. सेल्फ मारायच्या आधी बोनेटवर दोन थापा मारा.

स्क्रूड्रायव्हर कानाला लावून आवाज कळतो का?

कळतो, आणि लांब स्क्रूड्रायव्हर फुकटात काम करतो. टोक धातूच्या कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, चेंबर, अल्टरनेटर, पंप असं एकेक फिरा. आवाज जिथं मुठीतून सगळ्यात टोकदार येतो, उगम त्याच्या आसपास. उपरणं, गमछा, ओढणी, सैल बाह्या आधी काढून ठेवा. पंखा आणि बेल्ट क्षणात ओढून घेतात.

जुनी गाडी घ्यायला जायचंय. सकाळचा आवाज कसा पकडू?

न सांगता पहाटे जा. सांगून गेलात तर गाडी आधीच फिरवून ठेवलेली असते. पोचल्याबरोबर बोनेटवर आणि रेडिएटरच्या टाकीवर हात ठेवा; कोमट लागली तर "उद्या येतो" म्हणून परत फिरा. चावी स्वतः मारा, तोवर एकाला सायलेन्सरमागं उभं करा. ऑइल नुकतंच बदललेलं आणि नेहमीपेक्षा दाट वाटलं, तर ते कशासाठी टाकलं ते विचारा.

मिस्त्री म्हणतात, इंजिन खोलल्याशिवाय कळणार नाही. मानायचं का?

खोलण्याआधी तीन गोष्टी मागा. एक, ऑइल स्विच काढून तिथं साधा प्रेशर गेज लावून थंड आणि गरम, दोन्ही वेळचा दाब. दर हजार आरपीएमला साधारण दहा पीएसआय हा जुना ठोकताळा आहे. अचूक आकडा पुस्तकात मिळेल. दोन, सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते), कागदावर लिहून. सगळीकडं सारखं आणि मापात असेल तर बोअर-पिस्टनची घाई नको. एखादाच सिलिंडर बराच मागं असेल तर त्यात थोडं ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा: वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हा ऑइलचा प्रयोग पेट्रोल गाडीतच, डिझेलमध्ये नको.

तीन, जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून बघा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडी, म्हणजे चेन, कॅम, रिंगा किंवा सिलिंडरचा. न चिकटणारा, चंदेरी किंवा तांबूस चमकणारा चुरा बेअरिंगचा असू शकतो. पिस्टनचं ॲल्युमिनियमही चिकटत नाही, म्हणून तो ऑइल प्रेशरच्या आकड्याशी ताडून पाहा. दाब कमी आणि चमकणारा चुरा, दोन्ही जुळले तर इंजिन खोलू द्या, आणि काढलेली बेअरिंग तुमच्यासमोर पुसून दाखवायला सांगा.